गंजिफाच्या पानावरून खोलीच्या भिंतीवर: सावंतवाडी राजवाड्याची वाटचाल

सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी, जांभ्या दगडाच्या राजवाड्याच्या आवारात आज एक छोटेखानी हॉटेल चालते. खोल्या अवघ्या सहा. त्यांच्या सजावटीला आधार आहे तो गंजिफा या गोल पत्त्यांच्या चित्रकलेचा आणि सावंतवाडीच्या लाखकामाचा. स्थानिक संस्कृती दाखवायची म्हणून अलीकडे अनेक हॉटेले बाजारातून जुने दरवाजे, पितळी समया आणि पैठणीचे तुकडे विकत आणतात व भिंतींवर चढवतात. सावंतवाडीत तसे घडले नाही. तिथे कला आधी जगवली गेली, कारागिरांच्या हाताला कित्येक वर्षे काम मिळत राहिले, आणि पाहुण्यांसाठी खोल्या त्यानंतर झाल्या. हा क्रमच या वास्तूच्या वाटचालीचा गाभा आहे.

सावंतवाडीचे जुने नाव सुंदरवाडी. सावंत भोसले घराण्याचे हे संस्थान सह्याद्री आणि गोव्याची सरहद्द यांच्या बेचक्यात वसलेले. तिसऱ्या खेम सावंतांची कारकीर्द १७५५ ते १८०३ अशी जवळजवळ पन्नास वर्षांची. आजचा राजवाडा त्यांच्याच काळात उभा राहिला. एका बाजूला पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूला करवीरकर, मध्ये पेशवे आणि शिंदे अशा धामधुमीतही या राजाने विद्वानांना आणि कलावंतांना आश्रय दिला. तेलंगणातून आलेल्या ब्राह्मण पंडितांकडून दरबाराला गंजिफा या खेळाची ओळख झाली आणि वाडीतल्या चितारी मंडळींकडून ते पत्ते करवून घेतले गेले, अशी परंपरा सांगते. खेळ त्याआधीच हिंदुस्थानात रुळलेला होता. १५२७ साली बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगल दरबारातल्या गंजिफाला आठ रंग आणि ९६ पाने असत. दक्षिणेत आल्यावर या खेळाने दशावतारांचे रूप घेतले आणि तो १२० पानांचा झाला.

दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, त्यांत राजा, प्रधान आणि एक ते दहा आकडे. मत्स्याच्या पानावर मासे, कूर्माच्या पानावर कासवे, परशुरामाच्या पानावर परशू. जितके आकडे तितकी चिन्हे. निम्म्या अवतारांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का मोठा, त्यामुळे खेळणाऱ्याची स्मरणशक्ती पणाला लागते. खेळायला तिघे बसतात. दिवसा डाव मांडला तर ज्याच्या हाती राम त्याने सुरुवात करायची, दिवेलागणीनंतर मांडला तर कृष्णवाल्याने. ज्या कोकणात रात्रभर दशावताराचा खेळ रंगतो, त्या मुलखात हे अवतार पत्त्यांवर उतरले आणि लोकांनी ते घरचे मानले, यात नवल नाही.

पत्ता तयार कसा होतो, हे समजल्याशिवाय पुढची कहाणी उलगडत नाही. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे. वर पांढरा लेप द्यायचा, वाळवायचा, गुळगुळीत दगडाने घोटायचा. मग गोल कापायचे. पाठ एका रंगात लाखेने झाकायची, पुढच्या बाजूला जमिनीचा रंग भरायचा. त्यानंतर बारीक कुंचल्याने आकृती येते. आधी अंगाचा रंग, मग वस्त्रे, मग दागिने आणि अगदी शेवटी काळी रेघ. त्या रेघेने डोळे उघडतात, बोटे सुटी होतात, घोड्याच्या पायांना चाल येते. सगळे मिळून तीन-चार बोटे रुंदीच्या वर्तुळात. काठावर वेलबुट्टी असली तर पान दरबारी, नसली तर बाजारी. दरबारी संचाच्या एकशे वीसही पानांवर काठ सारखाच उतरायला हवा, कारण पाठीवरच्या वा काठावरच्या एखाद्या खुणेवरून पान ओळखू आले तर डावच फसतो. हाताने काढलेल्या चित्रात इतकी शिस्त सांभाळणे ही सावंतवाडीच्या चिताऱ्यांची खरी कमाई.

याच चिताऱ्यांच्या दुसऱ्या हातकामाने वाडीचे नाव घरोघरी पोचवले. चितारआळीतली लाकडी खेळणी, फळे, बाहुल्या, पाट, देव्हारे महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी पाहिले. पांगाऱ्याचे हलके लाकूड चरकावर फिरवायचे, फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबायची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि केवड्याच्या पानाने घासले की तिला चकाकी येते. लाकूड आणि पत्ता ही दोन्ही कामे एकाच समाजाच्या हातची असल्यामुळे त्यांच्यातले रंग आणि वेलबुट्टी एकमेकांत मिसळत गेली. पुढे हॉटेलच्या सजावटीत जे साधले त्याचे मूळ या सरमिसळीत आहे. पत्त्यावरची वेल पाटावर जाते, पाटावरची चौकटीवर. चिताऱ्याला त्यात नवे काही वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात संस्थान इंग्रजांच्या देखरेखीखाली गेले. १८७४ साली राजवाड्यासमोरचा मोती तलाव बांधला गेला. मोठ्या प्रवेशद्वाराचे काम त्या शतकाच्या अखेरचे. दरबार हॉलमध्ये विलायती झुंबरे आली, भिंती मात्र जांभ्याच्याच राहिल्या. खाणीतून काढताना हा दगड कुऱ्हाडीने तासता येतो आणि वारा लागला की कठीण होतो. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या मुलखात जांभ्याची भिंत, उतरते कौलारू छप्पर आणि खोल पडवी यांना पर्याय नव्हता. बाहेरच्या सत्तेची छाप दिवाणखान्याच्या सामानावर पडली, घराच्या सांगाड्यावर पडली नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बापूसाहेब महाराजांनी प्रजाहितदक्ष राजा म्हणून नाव मिळवले. सावंतवाडीकर आजही त्यांचा उल्लेख पुण्यश्लोक असा करतात. १९३७ साली त्यांचे निधन झाले तेव्हा युवराज शिवरामराजे लहान होते. कारभार राणी पार्वतीदेवींनी पाहिला. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि वाडी रत्नागिरी जिल्ह्याचा एक तालुका झाली.

गंजिफाची खरी पडझड याच्या आधीच सुरू झाली होती. छापील बावन्न पानांचा जोड काही आण्यांत मिळू लागला. चिताऱ्याला एका संचासाठी आठवडेच्या आठवडे बसावे लागे, आणि विकत घेणारा मात्र बाजारातल्या पत्त्यांचा भाव सांगे. त्यातच खेळही अवघड. तीन माणसे, १२० पाने आणि उलटसुलट मोजणी यांच्यापेक्षा रमी सोपी होती. संस्थान गेल्यावर दरबारी मागणीही संपली. चितारी घरांतल्या तरुणांनी खेळण्यांचा धंदा धरला, काहींनी मुंबईची वाट पकडली.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी चौकशी सुरू केली, तेव्हा जुन्या पद्धतीने गंजिफा रंगवू शकणारे पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कलावंत तेवढे उरले होते. राजाने कारागिराला बोलावून काम सांगणे ही जुनी रीत. इथे उलटे घडले. दोघांनी पुंडलिक चितारींचे शिष्यत्व पत्करले, खळ लावण्यापासून रेघ ओढण्यापर्यंत सगळे शिकून घेतले. सत्त्वशीलादेवींचा हात त्यात बसला आणि पुढची कित्येक दशके त्या स्वतः कुंचला घेऊन कारागिरांच्या बरोबरीने बसत राहिल्या. या वाटचालीतला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा. तो एका म्हाताऱ्या कारागिराच्या सबुरीमुळे शक्य झाला, याची नोंद राजघराण्याच्या कौतुकात हरवू नये.

१९७१ साली केंद्र सरकारने संस्थानिकांचे तनखे बंद केले. देशभरात अनेक राजवाडे त्यानंतर विकले गेले, काही पडले, काहींची सरकारी कचेरी झाली. सावंतवाडीच्या राजवाड्यात मात्र याच सुमारास, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ या नावाने कार्यशाळा उभी राहिली. जागा दिली ती थेट दरबार हॉलची. जिथे मानकरी बसत तिथे चितारी आणि इतर समाजांतली मुले-मुली मांडी घालून रंगकाम करू लागली. पाहणाऱ्याला हे राजेशाहीच्या पडझडीचे चित्र वाटले असेल. कलेच्या बाजूने पाहिले तर दरबाराचा त्याहून चांगला उपयोग झाला नसता.

कार्यशाळेने एक शहाणपण दाखवले. केवळ पत्ते विकून कारागिरांचे घर चालणार नाही, हे तिने लवकर ओळखले. गंजिफाची आकृती आणि काठ तबकांवर, दिव्यांच्या बैठकांवर, बुद्धिबळाच्या सोंगट्यांवर, आरशांच्या चौकटींवर, खुर्च्या आणि चौरंगांवर उतरू लागले. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे रुचले नसेल. पण रोजचा पगार त्या तबकांतून निघाला, आणि तबके विकली गेली म्हणून संच रंगवणारा हात सरावात राहिला. परदेशातही लक्ष वेधले गेले. मुंबईत वास्तव्य केलेले जर्मन वंशाचे व्यंगचित्रकार आणि कलासमीक्षक रूडॉल्फ फॉन लायडेन यांनी भारतभरातल्या गंजिफांचा संग्रह आणि अभ्यास केला; १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये या पत्त्यांचे प्रदर्शन भरले. जे पान वाडीत कवडीमोल झाले होते ते विलायतेत काचेच्या पेटीत पोचले.

दरम्यान मुलूखही बदलत होता. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९९७ मध्ये त्याला पर्यटन जिल्ह्याचा दर्जा मिळाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि मुंबईचा चाकरमानी एका रात्रीत वाडीला पोचू लागला. पर्यटक मात्र बहुतेक गोव्याला जात. सावंतवाडी हे वाटेतले स्टेशन राहिले. जे उतरत ते तलावाला फेरी मारत, चितारआळीतून खेळणी घेत, राजवाड्यात येऊन कारागिरांचे काम पाहत आणि संध्याकाळच्या आत पुढे जात. मुक्काम असा कोणी करत नसे.

१९९५ साली शिवरामराजे गेले. आमदार म्हणून सार्वजनिक कामाचा व्याप सांभाळत त्यांनी कार्यशाळेला पाठबळ दिले होते. त्यांच्यानंतर सत्त्वशीलादेवींनी ती धुरा एकटीने पेलली. पैशाची ओढ, जुन्या इमारतीची डागडुजी, कोकणातली बुरशी आणि वाळवी, शिकून तयार झालेली मुले दुसऱ्या नोकरीला जाणे, या अडचणी दरवर्षीच्याच. २०१८ साली त्यांचे निधन झाले. पुंडलिक चितारींकडून प्रत्यक्ष धडे घेतलेला तो दुवा तिथे निखळला.

पुढच्या दोन पिढ्यांनी, म्हणजे खेम सावंत भोसले व शुभदादेवी आणि त्यांचे चिरंजीव लखम सावंत भोसले व सून श्रद्धा यांनी, राजवाड्याच्या आवारातच निवासाची सोय करायची ठरवले. २०२० च्या टाळेबंदीने पर्यटन ठप्प झाले होते, संग्रहालय आणि विक्री यांवर चालणारे काम किती नाजूक पायावर उभे आहे ते त्या महिन्यांनी दाखवून दिले. या दशकाच्या सुरुवातीला सहा खोल्यांचे बुटीक आर्ट हॉटेल सुरू झाले. सजावटीचा विषय शोधण्याची गरज नव्हती. खोल्यांना दशावतारांची सूत्रे मिळाली, आणि रंगकाम दरबारातल्या कारागिरांच्या हातून झाले.

हे सांगायला सोपे, करायला अवघड. तळहातावर मावणाऱ्या वर्तुळातली आकृती खोलीच्या मापाची करायची तर ती नुसती मोठी करून चालत नाही. पानावर जी रेघ केसासारखी दिसते ती दहापट केली की दोरखंड होते. शिवाय गंजिफाचा रंग भडक, लाल, पिवळा, हिरवा, काळा. डावात पान चटकन ओळखू यावे म्हणून तो तसा असतो. झोपण्याच्या खोलीत चारही भिंतींवर तो भरला तर पाहुण्याला झोप लागायची नाही. म्हणून अशा सजावटीत मोकळ्या भिंतीचे महत्त्व चित्राइतकेच. राजवाड्यात या जागी भिंती शांत राहिल्या, आणि रंग लाकडी सामानावर, चौकटींवर, निवडक जागी आला. चिताऱ्यांचा पाटावर आणि देव्हाऱ्यावर काम करण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा सराव इथे कामी आला. कुठे थांबायचे हे त्या हाताला ठाऊक होते.

दुसरी अडचण हवेची. कोकणातल्या पावसाळ्यात कापड सादळते, कागदाला बुरशी धरते, प्लायवूड फुगते. लाखेचा लेप दिलेले लाकूड दमट हवेत बरेच टिकते; जुन्या घरांतले देव्हारे त्याची साक्ष देतात. डाग पडला, टवका गेला तर रंगवणारा माणूस आवारातच आहे. शहरातल्या हॉटेलात खोलीचे नूतनीकरण म्हणजे कंत्राटदाराला बोलावणे. इथे ते कार्यशाळेच्या रोजच्या कामाचा भाग. खर्चाच्या हिशेबात हा फरक लहान नाही, आणि कारागिराला मिळणाऱ्या बारमाही कामाच्या हिशेबात तर तो फार मोठा आहे.

अशीच वाट नर्मदेकाठी महेश्वरलाही चालली गेली. रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘रेहवा’ संस्थेतून माहेश्वरी विणकामाला पुन्हा उभारी दिली, आणि अहिल्याबाईंच्या किल्ल्यातल्या वाड्यात पाहुण्यांसाठी हॉटेल सुरू झाले ते २००० साली. तिथेही माग आधी, खोली नंतर. दोन मराठी घराण्यांनी एकमेकांपासून दूर राहून एकच क्रम निवडला, हा योगायोग खचित नाही. वास्तू असतेच, तिच्यात काम करणारे हात टिकवावे लागतात.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातून पाहताना या वाटचालीला वेगळा अर्थ येतो. पांढरकवडा आणि घाटंजी तालुक्यांत पसरलेले टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचे, पण वाघांमुळे तिथे पर्यटकांची ये-जा वाढली आणि मुक्कामाच्या जागाही होऊ लागल्या. या जिल्ह्यात राजवाडा नसेल. पण केळापूर, मारेगाव, झरीच्या पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, बांबूकाम आहे, पुसद-दिग्रसच्या तांड्यांवर बंजारा बायकांचे भरतकाम आहे, जुन्या वाड्यांत सागवानी खांब आणि तुळया आहेत. इथे उद्या कोणी अतिथीगृह बांधले आणि नागपूरच्या बाजारातून भिंतीवर लावायला आदिवासी मुखवटे आणले, तर ती सजावट होईल. पोडावरच्या सुपे-टोपल्या विणणाऱ्याला वर्षभराचे काम, बरा दाम आणि शिकायला चार पोरे मिळाली, तर दहा-वीस वर्षांनी खोल्या आपसूक यवतमाळच्या दिसतील. सावंतवाडीला त्यासाठी अर्धे शतक लागले.

हॉटेल सुरू झाले त्या सुमारास मुलखाचे दरवाजेही उघडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला, जानेवारी २०२३ पासून सरहद्दीपलीकडे मोपा येथून विमाने उडू लागली. शेजारच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ सालचा पद्मश्री सन्मान जाहीर झाला होता. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हैसूरच्या गंजिफाच्या बरोबरीने वाडीच्या पानालाही त्याचे स्वतःचे नाव कायद्याने लाभले. यंत्रावर छापलेली पाने सावंतवाडीची म्हणून विकणाऱ्याला आता जाब विचारता येईल.

आज राजवाड्याच्या एकाच आवारात तीन कामे चालतात. संग्रहालय पाहायला येणारा शाळकरी मुलांचा घोळका दरबारात कारागिरांच्या पाठीमागे उभा राहून कुंचल्याची टोके पाहतो; दुकानातून संच, तबके आणि दिवे विकले जातात; आणि मुक्कामाला आलेला पाहुणा रात्री ज्या अवताराखाली झोपतो तो सकाळी रंगवला जाताना पाहू शकतो. या वास्तूचे मोठेपण झुंबरांत नाही. चितारी समाज, राजघराण्याच्या तीन पिढ्या, पगारावर बसून वर्षानुवर्षे रंगकाम करणाऱ्या, नाव न झालेल्या स्त्रिया, चरकावरचे सुतार, जांभ्याच्या भिंती दुरुस्त करणारे गवंडी, या सर्वांचा त्यात वाटा आहे.

एक काम राहिले आहे. पाने तयार होतात, पण डाव मांडणारे घरोघरी राहिलेले नाहीत. आज संच विकत घेणारे बहुतेक तो चौकटीत लावतात किंवा आहेर म्हणून देतात. निम्म्या अवतारांची उलटी मोजणी, रामाची आणि कृष्णाची सुरुवात हे नियम कागदावर सुरक्षित आहेत. ते हातात यायचे तर तीन माणसांना एका सतरंजीवर दोन-चार तास बसावे लागेल, आणि फोन बाजूला ठेवून मुक्कामी राहिलेला पाहुणा त्यासाठी सर्वांत सोयीचा गडी आहे.